किरायाच्या दोन खोल्या
(शिरड शहापूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या स्मरणार्थ भरते. शिक्षकाची नोकरी बदलीची आणि बदलीच्या माणसाचं घर किरायाचं. म्हणून आज मी किरायाच्या घरावर बोलायचं ठरवलं. या गावात मल्लिनाथांचं मंदिर आहे, पलीकडे औंढ्याला नागनाथाचं शिल्पांनी भरलेलं देऊळ आहे. त्यांच्याविषयी बोलणारे जाणकार आपल्याकडे आहेत. गढ्यांवर आणि देशमुखांच्या वाड्यांवरही कुणी ना कुणी लिहीत असतं. मी ज्या वास्तूबद्दल बोलणार आहे ती मुंबईत परळला आहे. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची चाळ क्रमांक १, दुसरा मजला, खोली क्रमांक ५० आणि ५१. १९१२ ते १९३४, म्हणजे सुमारे २२ वर्षं, या दोन खोल्यांचं भाडं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या घरानं भरलं.

बाबासाहेबांचं चरित्र मराठवाड्यात मी सांगावं असं काही नाही. इथल्या लहान मुलालाही ते ठाऊक आहे. मला बोलायचं आहे ते त्या खोल्यांबद्दल. त्या कुणी बांधल्या, का बांधल्या, त्यांत किती उजेड यावा हे कुणी ठरवलं, आणि अशा खोलीत आयुष्य काढणाऱ्या माणसाचं नाव शेवटी कोणत्या कागदावर उरतं, हे मला पाहायचं आहे. आपण पराक्रमाच्या जागा जपतो. भाडं भरलेल्या जागा जपत नाही. माझं म्हणणं असं की लहान भाड्याच्या घरालाही रचना असते, हिशेब असतो, त्यामागे राज्यकर्त्यांचं धोरण असतं. ते वाचता आलं नाही तर गेल्या शंभर वर्षांत बहुसंख्य माणसं कशी जगली हे आपल्याला कळणारच नाही.

परळला जाण्याआधी थोडा वेळ आपल्याच गावात थांबू. माळवदाचं घर इथल्या प्रत्येक प्रौढ माणसानं पाहिलेलं आहे. दगड-मातीच्या हातभर, दोन हात रुंद भिंती. आत लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्या, त्यावर लिंबाचा पाला आणि त्यावर मातीचा जाड थर. सगळ्यात वर पांढरी माती. पावसाळ्यापूर्वी ती दरवर्षी नव्यानं टाकायची, नाहीतर मृगातच घर गळायला लागायचं. घराचं माप फुटांत कुणी सांगत नसे. दोन खांबांमधल्या अंतराचा एक खण, आणि घर तीन खणांचं, पाच खणांचं. रस्त्याच्या बाजूला खिडकी नाहीच. उजेड यायचा तो मधल्या चौकातून, नाहीतर माळवदाला ठेवलेल्या झरोक्यातून. चोरापासून, उन्हापासून आणि वाऱ्यापासून राखलेलं हे घर होतं. उन्हाळ्यात त्याच्यासारखा गारवा सिमेंटच्या स्लॅबखाली मिळत नाही, हे मला कुणाला पटवून द्यायची गरज नाही.

या घराची दुसरी बाजूही बोललीच पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा माणसं मेली ती प्रामुख्यानं या जाड भिंती आणि वरची टनावारी माती अंगावर येऊन. आपल्या हिंगोली जिल्ह्यात जमिनीतून आवाज येणं आणि धक्के बसणं नवं नाही. २१ मार्च २०२४ला सकाळी आणि पुन्हा १० जुलैला ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, तेव्हा औंढा, वसमत, कळमनुरीच्या गावांत लोक अंगणात येऊन उभे राहिले. माळवद उतरवून पत्रे टाकण्याचं एक कारण ही भीती आहे आणि ती खरी आहे. पण माळवदासोबत त्या घराचं ज्ञानही उतरलं. भिंती सांधणारे कोपऱ्याचे दगड कसे बसवायचे, खांब-तुळईचा सांगाडा भिंतीवर भार न टाकता स्वतःच्या पायावर कसा उभा करायचा, हे जुन्या गवंड्यांना आणि सुतारांना कळत होतं. जिथे तो सांगाडा नीट होता तिथे भिंत बाहेर पडली तरी छत वर राहिलं, हेही किल्लारीनंतर अभ्यासकांनी नोंदवलं.

आता अशा घरात किरायादार कुठे असायचा? बाजारपेठेच्या गावात मोठ्या वाड्याचा एखादा खण, ढेलजेजवळची खोली, नाहीतर माडीवरची एक बाजू किरायानं दिली जायची. मास्तर, पोस्टातला माणूस, जिनिंगवरचा कारकून, पेढीवरचा मुनीम, बाहेरगावचा शिंपी अशी माणसं तिथे राहायची. आड सगळ्यांचा एक, न्हाणी एक, आणि चौकात बसायचं कुणी, किती वेळ, याचे नियम मालकिणीचे. करार तोंडी. मालकाचं नाव गावाच्या दप्तरात, किरायादाराचं नाव फार तर किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीत. आणि ज्यांना गावकुसाच्या आत खोलीच मिळत नव्हती त्यांचं नाव तर तेवढ्यालाही लागत नव्हतं. किराया द्यायची ऐपत असणं आणि किरायानं घर मिळणं या आपल्या देशात कायम दोन वेगळ्या गोष्टी होत्या. हे लक्षात ठेवून आता परळला जाऊ.

तिथल्या चाळीची गोष्ट सुरू होते सप्टेंबर १८९६मध्ये, प्लेगपासून. मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले. काही महिन्यांत लाखो माणसं शहर सोडून गेली. गिरण्या ओस पडल्या, बंदर थंडावलं. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा सिद्ध व्हायचं होतं. सरकारी डॉक्टरांची समजूत अशी की रोग घाणीत, दमट हवेत आणि अंधारात वाढतो. म्हणजे रोगी घरं पाडली की रोग गेला. या समजुतीतून १८९८चा मुंबई शहर सुधारणा कायदा आला आणि त्याच वर्षी बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला. नागपाड्याची वस्ती पाडून तिथे नवे रस्ते आखणं ही त्याची पहिली योजना. पुढे प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, मांडवी-कोळीवाडा. ट्रस्टनं मुंबईला रुंद रस्ते दिले, समुद्राची हवा शहराच्या पोटात नेली, हे खरं. पण पहिल्या वीसेक वर्षांत त्यानं जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत. पाडलेल्या घरातला हमाल किंवा गिरणी कामगार शेजारच्या गल्लीत, आधीच भरलेल्या चाळीत शिरला आणि तिथली गर्दी वाढली. सुधारणेचा खर्च त्यानं आपल्या अंगावर भरला.

तरीही ट्रस्टनं चाळी बांधल्या. आग्रीपाड्यापासून सुरुवात झाली आणि पुढे माझगाव, परळ अशा ठिकाणी त्या उभ्या राहिल्या. त्यांना आजही सगळे बीआयटी चाळी म्हणतात. खाजगी मालकाची चाळ आणि ट्रस्टची चाळ यांत फरक काय, ते समजून घेण्यासारखं आहे. खाजगी मालक जमिनीचा इंच न् इंच भाड्यात बदलायचा. दोन चाळींमधली जागा म्हणजे एक माणूस जेमतेम जाईल एवढी घळ. तिच्यात सांडपाणी, तिच्यातच संडास साफ करण्याची वाट, आणि त्या घळीकडे उघडणारी खिडकी हीच काय ती खोलीची हवा. ट्रस्टला ही घळ मोडायची होती.

इथे एका माणसाचं नाव घ्यायला हवं. जे. पी. ऑर हे ट्रस्टचे अध्यक्ष होते. १९१२ साली त्यांनी मुंबईतल्या घरांतला उजेड आणि हवा या विषयावर जाहीर व्याख्यान दिलं. त्यांच्या मांडणीच्या मध्यावर एक कोन होता, साडेत्रेसष्ट अंशांचा. खोलीच्या जमिनीच्या पातळीपासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत एक रेषा ओढा. त्या रेषेचा जमिनीशी होणारा कोन साडेत्रेसष्ट अंशांहून मोठा असता कामा नये. गणित साधं आहे: समोरची इमारत तीस फूट उंच असेल तर मध्ये किमान पंधरा फूट मोकळी जागा हवी, चाळीस फूट असेल तर वीस. उंचीच्या निम्मं अंतर. एवढं सुटलं की तळमजल्यावरच्या खोलीतही आभाळाचा तुकडा दिसतो. हे केवळ नव्या इमारतींपुरतं नव्हतं. जुन्या वस्त्यांत इमारतीच्या इमारती पाडण्याऐवजी त्यांचे उजेड अडवणारे भाग कापून काढावेत, असा ऑर यांचा आग्रह होता.

मला हा कोन फार महत्त्वाचा वाटतो, आणि त्याची मर्यादाही तितकीच. महत्त्वाचा अशासाठी की गरिबाच्या खोलीत किती उजेड यावा हा प्रश्न दयेचा न राहता मोजमापाचा झाला. कुणीही दोरी आणि कोनमापक घेऊन जावं आणि मालकाला सांगावं, तुझी भिंत बेकायदा आहे. मर्यादा अशी की हे किमान माप होतं. गोऱ्या साहेबाचा बंगला साडेत्रेसष्ट अंशांत बसवलेला नव्हता. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार १९१९मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांनी या एका खोलीच्या चाळींवर कठोर टीका केली. ऑर विचारत होते की खोलीत उजेड किती. गेडिस विचारत होते की हे घर आहे का. दोघांचाही प्रश्न आजच्या झोपडपट्टी पुनर्वसनाच्या उंच इमारतींपुढे जाऊन विचारता येईल. तिथल्या खालच्या मजल्यांवर भरदुपारी दिवा लावावा लागतो. १९१२ साली मिळवलेलं किमान माप आपण शंभर वर्षांनी हातचं घालवलं, याची मला मनापासून खंत आहे.

तर परळची चाळ क्रमांक १. ट्रस्टच्या चाळीतली खोली साधारण दहा-बारा फूट लांबी-रुंदीची. रचनेत दागिना म्हणून काही नाही: जाड भिंती, सारख्या अंतरानं येणारे दरवाजे, मजल्यावरून जाणारा सामाईक रस्ता, आणि सगळ्यांसाठी एकत्र संडास. पाण्याची वेळ ठरलेली, त्यामुळे बायकांचा दिवसही ठरलेला. प्रत्येक दारावर क्रमांक. वाड्यातल्या किरायाच्या खोलीला क्रमांक नसतो, ती कुणाच्या तरी घराचा भाग असते आणि किरायादार कुणाच्या तरी मर्जीत असतो. क्रमांकाच्या खोलीला मालकीण नाही, मालकिणीचा चौक नाही. एक कारकून आहे, पावती आहे, पहिल्या तारखा आहेत. हे कोरडं वाटेल. पण ज्याला गावात कुणी ओसरीवर बसू देत नाही त्याच्या दृष्टीनं या कोरडेपणाची किंमत काय होती, ते पाहा.

बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ पेन्शनीवर मुंबईत आले तेव्हा कुटुंब आधी परळ भागातच डबक चाळीत एका खोलीत राहिलं. चरित्रकार धनंजय कीर यांनी त्या खोलीचं वर्णन केलं आहे: उशाशी जातं, पायाशी शेळी, आणि रात्री दोनच्या सुमारास बाप मुलाला अभ्यासाला उठवायचा. उठवायची वेळ दोनची का? कारण एकाच खोलीत सगळं घर. दिवसा आणि संध्याकाळी तिथे अभ्यासाला ना जागा ना शांतता. जागा वाढवता येत नाही तेव्हा माणूस वेळ वाटून घेतो. लहान घराच्या वास्तुशास्त्रात हे पहिलं सूत्र धरावं. नकाशात ते कधी दिसत नाही.

तिथून कुटुंब ट्रस्टच्या चाळीत आलं आणि त्यांनी दोन खोल्या घेतल्या, ५० आणि ५१, समोरासमोर. एकीत संसार, दुसरीत अभ्यास आणि बैठक. तुटपुंज्या उत्पन्नातल्या माणसानं केवळ पुस्तकांसाठी दुसऱ्या खोलीचं भाडं भरणं हा माझ्या मते रामजींच्या आयुष्यातला सगळ्यात धाडसी खर्च होता. पण त्या दोन खोल्यांची रचनाही पाहा. त्या एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. मधून सगळ्या मजल्याची जाण्यायेण्याची वाट जात होती. अभ्यासाच्या खोलीतून जेवायला जायचं तर सार्वजनिक रस्ता ओलांडायचा. घर आणि लोक यांच्यामध्ये उंबरठाभरसुद्धा अंतर नाही. पुढे ज्या माणसाचं सगळं खाजगी आयुष्य लोकांच्या कामात गेलं त्याच्या घराचा नकाशा हा असा होता. मी याला योगायोगच म्हणेन, पण त्या वाटेवरून किती माणसं त्या दारापर्यंत आली असतील याचा विचार करावासा वाटतो.

२ फेब्रुवारी १९१३ला रामजी गेले. त्याच वर्षी बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. १९१७मध्ये परत आले ते बडोद्याच्या नोकरीसाठी, आणि तिथे त्यांना घर मिळेना. कोलंबियात शिकून आलेल्या, महाराजांच्या सेवेत असलेल्या माणसाला त्या संस्थानाच्या राजधानीत भाड्यानं खोली मिळाली नाही. एका पारशी खानावळीत त्यांनी नाव बदलून काही दिवस काढले. मग काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. त्यांनी स्वतः हे लिहून ठेवलं आहे. सार्वजनिक बागेत ते बसून राहिले आणि मुंबईला परतले. परतले ते कुठे? परळला, पन्नास-एक्कावन्नमध्ये. त्या वेळी मुंबईत जात नव्हती असं मी म्हणत नाही. चाळींतही वस्ती जातवारच असे, आणि खाजगी मालक नाव-आडनाव विचारूनच खोली देत. पण ट्रस्टच्या खोलीचं भाडं भरलेलं होतं, दारावर क्रमांक होता, आणि काठ्या घेऊन आलेल्या माणसांना ती रिकामी करून घेता येत नव्हती. बडोदा आणि परळ शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय सार्वजनिक मालकीच्या भाड्याच्या घराचा अर्थ समजत नाही.

नोव्हेंबर १९१८मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. पगार महिना ४५० रुपये. त्या पगारात मोठं घर घेता आलं असतं. ते चाळीतच राहिले, कारण लंडनचा अपुरा अभ्यास पुरा करायला पैसे साठवायचे होते. ३१ जानेवारी १९२०ला त्यांचं 'मूकनायक' हे पाक्षिक निघालं. राजर्षी शाहू महाराज त्यांना भेटायला याच चाळीत आले. छत्रपती चाळीचा जिना चढून येतात, ही त्या काळातली साधी गोष्ट नव्हती. जुलै १९२०मध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले आणि १९२३मध्ये बॅरिस्टर होऊन परतले ते त्याच दारात. १९२४ची बहिष्कृत हितकारिणी सभा, परळच्याच दामोदर हॉलमधलं कार्यालय, १९२७चा महाडचा सत्याग्रह, १९३०ची गोलमेज परिषद, या सगळ्या काळात घराचा पत्ता हाच.

आणि घर कुणी चालवलं? बाबासाहेबांच्या पत्नी रमाईनं. नवरा परदेशात असतानाची वर्षं, दोन खोल्यांचं भाडं, दीर-जावा-नणंदांचा गोतावळा, सामाईक नळावरची रांग. पाच मुलांपैकी एकटे यशवंत जगले. गंगाधर, रमेश, इंदू गेले. शेवटचा राजरत्न जुलै १९२६मध्ये गेला. ट्रस्ट ज्या उजेडासाठी आणि हवेसाठी उभा राहिला होता, त्या उजेड-हवेनं या घरातली मुलं वाचली नाहीत. खोलीचा कोन बरोबर असून भागत नाही. दूध, औषध, पौष्टिक अन्न आणि आईच्या अंगातली ताकद हे नकाशाच्या बाहेर राहतं. रमाईवर गाणी पुष्कळ आहेत, मराठवाड्यात तर घरोघरी आहेत. पण त्या बाईनं तो स्वयंपाक किती चौरस फुटांत केला, पाणी कुठून आणलं आणि किती पायऱ्या चढल्या, हे आपण मोजलेलं नाही. चरित्राचा तोही भाग आहे.

१९३४च्या सुमारास कुटुंब दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह'मध्ये गेलं. वरच्या मजल्यावर ग्रंथालय, खाली राहण्याच्या खोल्या. पन्नास-एक्कावन्नमधली ती दुसरी खोली तिथे एक मजला झाली. आणि ज्या दादर-माटुंगा योजनेत ही कॉलनी वसली ती आखली कुणी? त्याच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनं. रुंद रस्ते, झाडं, प्रत्येक घराला चारी बाजूंनी मोकळी जागा. एकच संस्था, तेच अभियंते. कामगारासाठी किमान कोन आणि मध्यमवर्गासाठी बाग. आंबेडकर कुटुंबाला ट्रस्टचे हे दोन्ही हिशेब राहून पाहता आले. रमाईंना नव्या घरात फार दिवस मिळाले नाहीत. २७ मे १९३५ला त्या राजगृहातच गेल्या. ट्रस्टचा कारभार त्याआधी, १९३३मध्ये, महापालिकेकडे गेला होता.

बीडीडी चाळींबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण त्यांच्यावर अलीकडे पुष्कळ छापून येतं. १९२०मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांनी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं आणि कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवून पैसा उभा केला. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी. तळमजला आणि वर तीन मजले, मधून बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, चाळीत ८० खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची. काँक्रीटचा एवढा मोठा वापर कामगारांच्या घरांसाठी आपल्याकडे प्रथमच झाला. तयार झाल्यावर अनेक खोल्या कित्येक वर्षं रिकाम्या राहिल्या, आणि सविनय कायदेभंगात वरळीच्या चाळींचा तुरुंग म्हणून वापर झाला. बांधणाऱ्यांना जर घर आणि कोठडी यांत फारसा बदल करावा लागला नसेल तर त्या रचनेबद्दल वेगळं बोलायला नको. तरी माणसांनी त्या बोळांत नाटकं बसवली, भजनं केली, संप लढवले. आता त्या पाडून उंच इमारती होत आहेत. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षं एका खोलीत काढलेल्या घरांना त्या मिळाल्या, याचा मला निर्मळ आनंद आहे. जुनी इमारत जपायची म्हणून माणसांनी अंधारात राहावं असं मी कधीही म्हणणार नाही.

मुंबईत या चाळी उभ्या राहत होत्या तेव्हा आपण निजामाच्या राज्यात होतो. १९०८ला मुसा नदीच्या पुरानं हैदराबाद उद्ध्वस्त झालं. त्यानंतर तिथेही सिटी इम्प्रूव्हमेंट बोर्ड स्थापन झालं आणि वस्त्या पाडून गरिबांसाठी लहान घरं बांधली गेली. पण ते राजधानीपुरतं. आपल्या बाजूला, परभणी-हिंगोली-वसमतच्या पेठांत, सरकारनं बांधलेली किरायाची खोली साध्या माणसाला माहीत नव्हती. प्लेग किंवा पटकी आली की गाव रानात जाऊन झोपड्या करायचं आणि साथ ओसरली की त्याच घरांत परत यायचं.

कायदाही आपल्याकडे वेगळ्या वाटेनं आला. मुंबईत पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ला, भाडेवाढ रोखणारा कायदा झाला. मग १९४७चा प्रसिद्ध भाडे नियंत्रण कायदा: १ सप्टेंबर १९४०ला जे भाडं होतं ते प्रमाण भाडं धरलं. भाडेकरूला संरक्षण मिळालं, ते आवश्यकच होतं. पण भाडं गोठलं आणि दुरुस्ती थांबली. मालक म्हणायचा, या भाड्यात कौलं बदलत नाहीत. भाडेकरू म्हणायचा, घर तुझं आहे. मध्ये पागडीचा व्यवहार वाढला. इमारती कोसळू लागल्या तेव्हा १९६९मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला. मराठवाड्याला मात्र १९५४चा हैदराबाद घरभाडे कायदा लागू होता, आणि राज्य एक झालं तरी आणखी चार दशकं तोच चालला. विदर्भाचा तिसराच. ३१ मार्च २०००पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा अमलात आला तेव्हा कुठे परळचा भाडेकरू आणि परभणीचा किरायादार एका कायद्याखाली आले. संयुक्त महाराष्ट्राच्या इतिहासात ही तारीख कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

आता जपण्याबद्दल. १९२१-२२मध्ये बाबासाहेब लंडनला ज्या घरात भाड्यानं राहिले, १० किंग हेन्रीज रोड, ते घर महाराष्ट्र सरकारनं २०१५मध्ये विकत घेतलं आणि तिथे स्मारक केलं. चांगलं केलं. परळच्या खोल्यांचंही स्मारक व्हावं ही मागणी बरीच वर्षं होत आली आहे. झालं तर त्यात पुतळ्याआधी काय असावं, यावर माझं स्पष्ट मत आहे. दोन्ही खोल्या आणि मधली वाट मूळ मापात राखावी. नळ कुठे होता, संडास किती पावलांवर होता, जिन्याला किती पायऱ्या होत्या ते दाखवावं. ट्रस्टच्या भाड्याच्या पावत्या मिळाल्या तर त्या काचेखाली ठेवाव्यात. एका खोलीत जातं ठेवावं आणि दुसरीत पुस्तकं, आणि येणाऱ्याला मधली वाट ओलांडून जाऊ द्यावं.

आणि इथलं काम इथल्यांनी करावं. ग्रामपंचायतीच्या आकारणीचा नमुना नंबर ८ तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे, कर्जाला किंवा घरकुलाला त्याचा उतारा लागतो म्हणून. त्यात मालकाच्या नावाशेजारी भोगवटा करणाऱ्याच्या नावाचा रकाना असतो. बहुतेकांची नजर मालकाच्या नावावर थांबते. जुन्या नोंदवह्यांतला तो दुसरा रकाना इथल्या महाविद्यालयीन मुलामुलींनी वाचून काढावा अशी माझी विनंती आहे. कुठल्या मालमत्तेत कुणी, किती वर्षं राहिलं, मालक वेगळा आणि राहणारा वेगळा अशी घरं किती, आणि कोणत्या आळीत एकही किरायादार कधी घेतला गेला नाही, हे त्यातून दिसेल. जी घरं अजून उभी आहेत तिथे टेप घेऊन जा. खण मोजा, दार कुणीकडे उघडतं ते लिहा, झरोक्याचं माप घ्या, समोरच्या भिंतीचं अंतर आणि उंची घ्या. ऑर यांचा कोन निघतो का तेही पाहा. त्या खोलीत राहून गेलेली सत्तरी-ऐंशीतली बाई कुठे असेल तर पाणी कुठून आणायची ते आधी तिला विचारा, कारण भिंती नंतरही मोजता येतील. पुढच्या वर्षी या व्याख्यानमालेचं एक पुष्प संयोजकांनी त्या मुलामुलींना द्यावं. त्यांच्या वह्या ऐकायला मी येईन.